हॅलोजनच्या दिव्यात उजळते ते टंगस्टन

नागपुरात लग्नाच्या लॉनवर किंवा चौकातल्या सभेत लावलेल्या कोणत्याही प्रखर दिव्याला सर्रास ‘हॅलोजन’ म्हणतात, मग तो सोडियमचा असो, मेटल हॅलाइडचा असो की आजचा एलईडी असो. या सरसकट नावामुळे खऱ्या हॅलोजन दिव्यात हॅलोजन वायूच उजळतो, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात प्रकाश देते ते टंगस्टनचे तापलेले कुंतल, ज्याला आपण फिलामेंट म्हणतो. आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारखे हॅलोजन गटातील मूलद्रव्य तेथे अत्यल्प प्रमाणात आणि वेगळ्याच कामासाठी असते. ते काम मला रसायनशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व धातूंमध्ये सर्वाधिक आहे. तरीही तापलेल्या कुंतलावरून अणू सतत सुटत राहतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसतात, काच काळवंडते आणि कुंतल झिजते. हॅलोजन दिव्यात मात्र काचेजवळ पोहोचलेला टंगस्टनचा अणू तेथील हॅलोजनशी, आणि बहुधा लेशमात्र ऑक्सिजनशीही, संयोग पावतो. तयार झालेले संयुग काचेवर गोठू नये, वायुरूपच राहावे, यासाठी ती भिंत सुमारे २५० अंशांहून अधिक तापलेली असावी लागते. म्हणूनच हा दिवा इतका लहान आणि उष्णता सोसणाऱ्या क्वार्ट्‌झचा करतात. वायूच्या प्रवाहाबरोबर ते संयुग कुंतलापाशी येते, तेथील प्रचंड उष्णतेने फुटते, टंगस्टन कुंतलावर परत बसते आणि मोकळा झालेला हॅलोजन पुढच्या अणूसाठी पुन्हा भिंतीकडे निघतो.

येथे एक बारकावा आहे, जो बहुतेक वर्णनांत गाळला जातो. परतलेले टंगस्टन जेथून निघाले तेथेच बसत नाही. ब्रोमीनचे संयुग तुलनेने कमी तापमानालाच फुटत असल्यामुळे ते कुंतलाच्या थंड भागांवर साचते, आणि जेथे तार बारीक होऊन सर्वाधिक तापलेली असते तो कच्चा भाग कच्चाच राहतो. फ्लोरीनचे संयुग अतिउष्ण जागीच फुटते, म्हणजे जखमेवर नेमकी मलमपट्टी झाली असती. पण फ्लोरीन क्वार्ट्‌झच खाऊन टाकते. तेव्हा हॅलोजनचे खरे देणे म्हणजे स्वच्छ राहणारी काच. काच काळवंडत नसल्याने दिवा लहान आणि मजबूत करता येतो, त्यात वायू अधिक दाबाने भरता येतो, आणि तो दाब अणूंचे सुटणेच मंदावतो.

छायाचित्रकारांना हे व्यवहारातही उपयोगी आहे. डिमरने दिवा दीर्घकाळ मंद ठेवला, तर भिंत थंड पडून हे चक्र थांबू शकते. तसेच दिव्याला उघड्या बोटांनी स्पर्श केल्यास घामातील सोडियमचे क्षार तापलेल्या क्वार्ट्‌झला त्या जागी अपारदर्शक आणि ठिसूळ करतात.

सायंकाळी बटण दाबताच बल्ब गेला, तर तो अपशकुन मानणारी घरे आजही आहेत. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी विद्युतधारा अनेक पटींनी वाढते आणि आधीच बारीक झालेली तार तुटते. यात अशुभ काहीही नाही.

स्टुडिओतील टंगस्टन दिव्याचे रंगतापमान, म्हणजे प्रकाशाची छटा सांगणारे माप, ३२०० केल्व्हिन, म्हणून त्याचा प्रकाश पिवळसर. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधील झेनॉन वायूचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिन, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. झेनॉनपूर्वी हेच काम मॅग्नेशियमची भुकटी जाळून होत असे.

टंगस्टनसाठी नागपूरकरांना दूर पाहण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील कुही, खोबना आणि आगरगावच्या पट्ट्यात त्याचे शीलाइट हे खनिज आढळते. शीलाइट म्हणजे कॅल्शियम टंगस्टेट. उन्हात ते सामान्य गारगोटीसारखे दिसते. परंतु अंधारात त्यावर लघुतरंगी अतिनील दिवा धरला की ते निळसर पांढरे चमकू लागते, आणि भूवैज्ञानिक त्याच चमकेवरून ते ओळखतात.