छापील पिस्तूल : वाद वस्तूचा की फाईलचा?

मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कोडी विल्सन या कायद्याच्या विद्यार्थ्याने ‘लिबरेटर’ नावाचे एकबारी पिस्तूल झाडून दाखवले. त्याच्या सोळा भागांपैकी पंधरा थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिकचे होते आणि काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा खिळा होता. धातुशोधक यंत्राला न सापडणाऱ्या बंदुकांवर अमेरिकेत १९८८ पासून बंदी असल्यामुळे या पिस्तुलात पोलादाचा सुमारे १७० ग्रॅमचा तुकडा बसवण्याची सोय ठेवलेली होती. गोळी झाडण्याशी त्या तुकड्याचा काडीमात्र संबंध नव्हता; तो काढून ठेवला तरी पिस्तूल चालणारच होते. पुढची सगळी भीती त्या एका तुकड्याभोवती फिरली, असे म्हटले तरी चालेल.

वादाचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू नसताना, बंदूक बनवणाऱ्याला अमेरिकी संघीय कायद्याने परवान्याची अट घातलेली नव्हती. त्यासाठी लागणारे लेथ आणि हातातले कसब हाच खरा अडसर होता, आणि कायद्याची भिस्तही बहुधा त्यावरच असावी. शिवाय त्या कायद्याच्या दृष्टीने यंत्रणा सामावून घेणारा सांगाडा, म्हणजे ‘रिसीव्हर’, हीच बंदूक. नळी, स्प्रिंगा वगैरे उरलेले भाग विनाचौकशी विकत मिळत. २०१२ मध्ये एका हौशी कारागिराने नेमका तोच सांगाडा छापला.

लिबरेटरची फाईल, म्हणजे प्रिंटरला पुरवायचा संगणकीय आराखडा, दोन दिवसांत लाखभर वेळा उतरवून घेतली गेली. ती इंटरनेटवर ठेवणे ही विनापरवाना शस्त्रनिर्यात ठरू शकते, असे परराष्ट्र खात्याने कळवले आणि विल्सनने फाईल हटवली. तोवर तिच्या प्रती सगळीकडे पसरल्या होत्या. २०१५ मध्ये त्याच्या संस्थेने दावा लावला, तो फाईल हे ‘भाषण’ असल्याचे सांगत आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. २०१८ मध्ये सरकारने फाईली खुल्या करू देण्याची तडजोड केली, तेव्हा राज्ये न्यायालयात धावली आणि ३१ जुलैला, फाईली खुल्या होण्याच्या आदल्या दिवशी, सिएटलच्या न्यायाधीशांनी स्थगिती दिली.

जपानमध्ये एवढा काथ्याकूट झाला नाही. तिथे २०१४ मध्ये घरी पिस्तुले छापणाऱ्या एका तरुणाला दोन वर्षांची कैद झाली. आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना शस्त्र बनवणे हाच गुन्हा असल्याने, गावठी कट्टा भट्टीवर घडवला की प्रिंटरवर छापला, याने फरक पडत नाही.

२०२० मध्ये आलेल्या ‘एफजीसी-९’ या आराखड्याने हौसेचा मुद्दा मागे पडला. कारखान्यात बनलेला एकही नियंत्रित भाग न लागणारी ही बंदूक २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या बंडखोरांच्या हाती दिसू लागली. अमेरिकेत २०२२ च्या नियमांनी जोडणीसंच आणि अर्धवट सांगाड्यांना अनुक्रमांक सक्तीचा केला आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवले. फाईलचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.