पीएचपीतील वस्तु-अभिमुख प्रोग्रॅमिंग

पीएचपीतील वस्तु-अभिमुख प्रोग्रॅमिंग : पीएचपी या वेबसाठीच्या स्क्रिप्टभाषेत माहिती आणि तिच्यावर चालणारी फंक्शने क्लास नावाच्या एका साच्यात बांधून, त्या साच्यातून हवे तितके ऑब्जेक्ट घडवण्याची पद्धत. मराठीत तिला ‘वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग’ असेही म्हणतात. मात्र वस्तुनिष्ठ हा शब्द परीक्षेतल्या प्रश्नांना आणि निःपक्ष दृष्टीला इतका चिकटला आहे, की या नोंदीत ‘वस्तु-अभिमुख’ हा पर्याय पत्करला आहे. शिकवणीत आणि नोकरीच्या मुलाखतीत मात्र ‘ऊप्स’ (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द) हाच चालतो.

पीएचपीत ही पद्धत नेमकी केव्हा आली, याबद्दल एकवाक्यता नाही. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेल्या मूळ साधनसंचात ती नव्हती. झीव सुरास्की आणि आंदी गुटमन्स यांनी नव्याने लिहिलेल्या व जून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएचपी ३ मध्ये क्लास, एक्सटेंड्स (दुसऱ्या क्लासचा वारसा घेणे, म्हणजे त्याचे गुणधर्म व फंक्शने आपोआप मिळणे) आणि न्यू (नवा ऑब्जेक्ट घडवणे) हे शब्द आले, म्हणून काही जण आरंभ तेथे मानतात. पण तो क्लास म्हणजे नावे दिलेल्या अ‍ॅरेला (मूल्यांच्या यादीला) फंक्शने जोडण्याची सोय होती. संग्रहातील घटक गाठण्यासाठीची ती केवळ लेखनसुलभता होती, असे सुरास्की यांनीच पुढे म्हटले आहे. त्यामुळे पीएचपी चालवणाऱ्या गाभ्याच्या, झेंड इंजिनाच्या, दुसऱ्या आवृत्तीसह १३ जुलै २००४ रोजी आलेल्या पीएचपी ५ पासून गणना करणारे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्दांची वंशावळही सरळ नाही. एक्सटेंड्स जावा या भाषेतील, ऑब्जेक्टमधील घटक गाठणारे -> हे चिन्ह सी++ व पर्ल या दोहोंतले, तर न्यू आणि धिस (चालू ऑब्जेक्ट) हे ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी ऑस्लोत रचलेल्या सिम्युला ६७ या भाषेपर्यंत मागे नेता येतात. आणखी एक धागा हिब्रू आहे. क्लासमधील घटक गाठणाऱ्या :: या चिन्हाचे इंजिनातील नाव ‘पामायिम नेकुदोतायिम’, म्हणजे ‘दोनदा अपूर्णविराम’. इस्रायली कर्त्यांनी ठेवलेले हे नाव पुढे वर्षानुवर्षे चुकीच्या संदेशात झळकत राहिले आणि नवशिक्यांना घाम फोडत राहिले.

पीएचपी ४ (मे २०००) आणि ५ यांतला खरा फरक एका उदाहरणात दिसतो. राखीव शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे ते देवनागरीत दिले आहेत. एको म्हणजे ‘दाखव’.

$अ = न्यू खाते(१००);
$ब = $अ;
$ब->शिल्लक = ५००;
एको $अ->शिल्लक;

पीएचपी ४ याचे उत्तर १०० देते, कारण दुसऱ्या ओळीतच संपूर्ण ऑब्जेक्टची प्रत निघते. पीएचपी ५ पासून उत्तर ५०० येते. ४ मध्ये प्रत टाळायची तर =& हे चिन्ह आठवणीने लिहावे लागे, आणि ते एका जागी जरी राहिले तरी प्रोग्रॅम मुकाट्याने चुकीच्या प्रतीवर काम करी. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट घडताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) $धिस कुठे नोंदवून ठेवला, तर बाहेर हाती येणारा ऑब्जेक्ट वेगळाच निघे.

यावरून ‘पीएचपी ५ नंतर ऑब्जेक्ट संदर्भाने, म्हणजे रेफरन्सने जातात’ असे विधान अनेक क्रमिक पुस्तकांत शिरले आहे. अधिकृत मॅन्युअलला ते मान्य नाही. चलात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ऑब्जेक्ट नसतो, त्याचा ओळखक्रमांक असतो आणि प्रत निघते ती त्या क्रमांकाची. बँकेचा खाते क्रमांक चिठ्ठीवर उतरवून दुसऱ्याला दिला, तर चिठ्ठ्या दोन होतात, खाते एकच राहते. दुसऱ्याने आपली चिठ्ठी फाडली म्हणून खाते बंद होत नाही. त्याचप्रमाणे वरच्या उदाहरणात $ब = नल (काहीच नाही) लिहिले तरी $अ शाबूत राहतो. $ब = &$अ असे लिहिले असते, तर मात्र दोन नावे एकाच चिठ्ठीला लागली असती आणि नल दोघांच्याही वाट्याला आला असता. खरोखर वेगळी प्रत हवी असल्यास क्लोन वापरतात. तीही वरवरची असते: ऑब्जेक्टच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असेल तर त्याचा केवळ क्रमांक उतरतो. आतलेही वेगळे करायचे तर __क्लोन ही मेथड (क्लासमधले फंक्शन) स्वतः लिहावी लागते.

पब्लिक, प्रोटेक्टेड व प्रायव्हेट ही दृश्यता (घटक कोणाला वापरता येईल याचे नियम), इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याचा करार), अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास (ज्याचा थेट ऑब्जेक्ट होत नाही असा अर्धा साचा) आणि अपवाद हाताळणी (चुका पकडण्याची सोय) हे सारे पीएचपी ५ मध्ये एकदमच आले. यांतील प्रायव्हेटची मर्यादा क्लासला लागते, ऑब्जेक्टला नव्हे. खाते क्लासमधली ‘वर्ग करा’ ही मेथड दुसऱ्या खात्याची प्रायव्हेट शिल्लक बिनदिक्कत वाचू शकते. वारसा एकाच पालकाकडून मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ५.४ (२०१२) मध्ये ट्रेट, म्हणजे अनेक क्लासांत मिसळता येणारे मेथडींचे गट, आले. ५.३ (२००९) मधील नेमस्पेससाठी (नावांची टक्कर टाळणाऱ्या कप्प्यांसाठी) उलटी तिरकी रेघ निवडली गेली तेव्हा बरीच नाके मुरडली गेली.

क्लासच्याच नावाची मेथड कन्स्ट्रक्टर मानण्याचा जुना प्रघात ७.० मध्ये त्याज्य ठरला आणि ८.० (२०२०) मध्ये संपला. जुना कोड ८ वर चालवल्यास यात ठेच लागते. न्यू खाते(१००) या ओळीवर कोणतीही तक्रार येत नाही, खाते तयार होते, पण शंभर रुपये त्यात पडतच नाहीत.

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक बाब नोंदवण्याजोगी आहे. पीएचपीत क्लास, मेथड आणि चल यांची नावे देवनागरीत ठेवता येतात, कारण आस्कीबाहेरचा (मूळ रोमन अक्षरसंचाबाहेरचा) कोणताही बाइट नावात चालतो. मात्र भाषा युनिकोडचे प्रमाणीकरण करत नाही, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या दोन रीती एक मानत नाही. ‘देणाऱ्याचे_नाव’ या गुणधर्मातला ऱ हा एका कळफलकावर एकच वर्ण म्हणून उमटतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पीएचपीच्या लेखी मात्र ते दोन निराळे गुणधर्म ठरतात. पूर्वी अशा वेळी दुसरा गुणधर्म बिनबोभाट निर्माण होई, ८.२ (२०२२) पासून न घोषित केलेला गुणधर्म निर्माण करणे त्याज्य ठरल्याने निदान सूचना तरी मिळते.

संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीने पीएचपी ४ चा आधार २०११ मध्ये ३.२ या आवृत्तीत सोडला. तोवर त्यात नव्या सोयी वापरता येत नव्हत्या. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही पीएचपीतच लिहिलेले असून त्याचा बराचसा भाग क्लासांच्या रूपात आहे. पीएचपी ८.१ मध्ये एनम (ठरावीक पर्यायांचा प्रकार) व रीडओन्ली (एकदाच लिहिता येणारे) गुणधर्म, तर ८.४ (२०२४) मध्ये गुणधर्म वाचताना वा लिहिताना आपोआप चालणारे हुक आले.