साल नव्हे, आधी गाव वाचा : अमेरिकी नॅशनल बँक नोटांची पार्श्वभूमी

जुनी अमेरिकी नॅशनल बँक नोट हाती आली की बहुतेकांची नजर आधी सालावर जाते. ते साल फसवं असतं. उदाहरणार्थ, '1902' हे नोटेच्या मालिकेचं, म्हणजे नमुन्याचं साल. त्या मालिकेच्या नोटा पुढे 1929 पर्यंत निघत राहिल्या. किंमत ठरते ती नोटेवरच्या बँकेवरून आणि गावावरून.

1863 पूर्वी राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या बँका आपापल्या नोटा काढत. नमुने हजारो, बनावट नोटांचाही सुळसुळाट. व्यापारी खोट्या नोटा ओळखायची छापील पुस्तिका जवळ बाळगत. त्यातच यादवी युद्धाच्या खर्चासाठी अर्थमंत्री सॅमन चेस यांना सरकारी रोखे खपवायचे होते. मग 1863 मध्ये तोड निघाली : केंद्र सरकारचा परवाना घेतलेल्या, म्हणजे 'नॅशनल', बँकेने रोखे सरकारकडे तारण ठेवायचे आणि त्या बदल्यात नोटा घ्यायच्या. नमुना देशभर एकच, नाव मात्र त्या त्या बँकेचं. राज्य बँकांच्या नोटांवर 10 टक्के कर बसला आणि त्या चलनातून गेल्या. (आपल्याकडे 1861 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढण्याचा हक्कच सरकारने स्वतःकडे घेतला.)

1935 पर्यंत 12 हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. म्हणून तर न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठ्या बँकेची 1902 ची दहा डॉलरची नोट सहज मिळते, आणि तसाच राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचा चेहरा, तसाच निळा शिक्का असलेली एखाद्या खेड्यातल्या बँकेची नोट संग्राहक वर्षानुवर्षं शोधतात. डाकोटा, ॲरिझोना राज्यं होण्याआधीच्या, 'टेरिटरी' छापलेल्या नोटा तर फारच दुर्मीळ. एक आणि दोन डॉलरच्या नोटा फक्त सुरुवातीच्या मालिकांत निघाल्या. दोनच्या नोटेवरचा आडवा पहुडलेला मोठा 2 एकदा पाहिला की विसरत नाही.

ओळख पटवायला चार्टर नंबर, म्हणजे बँकेच्या सरकारी परवान्याचा क्रमांक, बघा. सरकारकडे परत आलेल्या नोटांची बँकवार छाननी सोपी व्हावी म्हणून 1874 च्या कायद्याने तो नोटेवर आला. त्यावरून नेमकी बँक सापडते. मग कागदाची अवस्था तपासा : घड्या, टाचणीची भोकं, कडा कापल्यात का.

आणि खालच्या सह्या जरूर पाहा. मोठ्या आकाराच्या, म्हणजे 1929 च्या छोट्या नोटांआधीच्या, नोटा बँकेत न कापलेल्या तावांनी येत. रोखपाल आणि अध्यक्ष त्यावर सह्या करून नोटा कात्रीने सुट्या करत. काही ठिकाणी रबरी शिक्का वापरत. पण टाकाने केलेली, शाई तपकिरी पडलेली ती सही दिसली, की मला नोट खाली ठेववत नाही.