समुद्री पवनऊर्जा आणि कोकण किनाऱ्यावरील वन्यजीव

समुद्रतळात पाया रोवून किंवा तरंगत्या तराफ्यावर उभारलेल्या पवनचक्क्यांपासून मिळवलेली वीज म्हणजे समुद्री पवनऊर्जा. जगातला असा पहिला प्रकल्प डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे १९९१ मध्ये सुरू झाला. कोकणच्या समुद्रात अद्याप एकही पवनचक्की नाही. जमिनीवर मात्र हा प्रयोग जुना आहे. देशातल्या पहिल्या काही पवनविद्युत प्रकल्पांपैकी एक १९८६ मध्ये रत्नागिरीत उभा राहिला, आणि देवगडच्या पवनचक्क्या तर आता पर्यटकांचे ठिकाण झाल्या आहेत.

भारताचे राष्ट्रीय समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ चे. त्याखाली निश्चित झालेले पट्टे गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर आहेत. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ७,४५३ कोटी रुपयांची योजनाही याच दोन राज्यांसाठी आहे. कोकण तूर्त या नकाशाबाहेर आहे. म्हणूनच इथल्या वन्यजीवांची नीट मोजदाद करून ठेवण्याची हीच वेळ. यंत्रे आल्यावर केलेल्या मोजणीला तुलनेसाठी आधीचा आकडाच उरत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न. या किनाऱ्यावर वारा खरा जोर धरतो तो नैर्ऋत्य मोसमी पावसात. नेमके तेव्हाच समुद्रात कोणी नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि दर्याला नारळ वाहिला जातो तो पुढे श्रावणी पौर्णिमेला. डॉल्फिन, देवमासे आणि समुद्रपक्ष्यांच्या बहुतेक नोंदी त्यामुळे ऑक्टोबर ते मे या उघाडीतल्या आहेत. पाती सर्वांत वेगाने फिरतील त्या महिन्यांत तिथे कोणते जीव असतात, हे सांगणाऱ्या नोंदी सर्वांत तोकड्या आहेत. वादळानंतर वाळूवर थकून पडलेले मास्क्ड बूबी, नॉडी किंवा फ्रिगेट पक्षी हा त्यातला एक धागा. हे पक्षी एरवी किनाऱ्यावर फिरकत नाहीत. म्हणजे ते बाहेरच्या समुद्रात वावरत असतात, एवढे त्यावरून कळते.

उलट बाजूने, खांब रोवण्याचे काम शांत समुद्रातच होऊ शकते. म्हणजे बांधकाम उघाडीत येणार. मासेमारीचा हंगाम तोच, ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ तोच, कुरव आणि सुरय पक्ष्यांच्या मुक्कामाचाही तोच.

आवाज. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने आणि फार दूरवर जातो. पोलादी खांब तळात ठोकताना होणारा आवाज हा बांधकामातला सर्वांत गंभीर त्रास मानला जातो. युरोपच्या उत्तर समुद्रात असे काम चालू असताना हार्बर पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा लहान सागरी सस्तन प्राणी) सुमारे २० किमीपर्यंतच्या परिसरातून दूर गेल्याचे आढळले. कोकणात त्याच कुळातला पंखहीन पॉरपॉइज राहतो. पाठीवर पर नसल्यामुळे तो पाण्यावर आलेला सहसा कळतच नाही. हर्णे, मुरुड, तारकर्लीच्या पर्यटकांना दिसतो तो बहुधा कुबड्या डॉल्फिन, उथळ पाण्याचा आणि खाड्यांच्या मुखांचा रहिवासी. प्रकल्प दूर खोलवर झाला तर त्याला खांबांपेक्षा बंदरातून येजा करणाऱ्या बोटींचाच उपद्रव अधिक होईल. खोल समुद्रातल्या ब्रायड्स देवमाशांची गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये तर सिंधुदुर्गासमोर निळा देवमासाही दिसला होता.

उपाय ज्ञात आहेत. खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडणे हा त्यातला एक. जर्मनीने खांबापासून ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादाच घालून दिली आहे.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१६ पासून कुबड्या देवमाशांचे मृत्यू वाढले आणि त्याचे खापर पवनऊर्जेच्या सर्वेक्षणांवर फोडले गेले. तिथल्या सरकारी सागरी संस्थेला तसा पुरावा मिळाला नाही. तपासलेल्या मृतदेहांपैकी बऱ्याच जणांवर जहाजांच्या धडकेच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. कोकणात मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला की कारण शोधण्याआधी बोट दाखवले जाते, तेव्हा हे आठवावे.

पक्षी. धोका दोन प्रकारचा: पात्यावर आदळणे आणि जागा सोडून जाणे. दुसरा कमी दिसतो, पण उत्तर समुद्रातल्या लून या पाणपक्ष्यांच्या बाबतीत तोच मोठा ठरला. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्षी घरटी करतात आणि गुहांत पाकोळ्या राहतात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या आणि आंब्याच्या उंच झाडांवर काकण, म्हणजे समुद्री गरुड, वर्षानुवर्षे तेच घरटे वापरतो. स्थलांतर करणाऱ्यांत चातक मोसमी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो, तर अमूर ससाणे नोव्हेंबरच्या सुमारास अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात.

कासवे, केबल आणि तळ. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात. खांब मैलोन्मैल दूर असले तरी विजेची केबल कुठेतरी वाळूखालून जमिनीवर यावीच लागते. चर खणण्याची जागा व वेळ चुकली, किंवा उपकेंद्राचे दिवे किनाऱ्यावरून दिसू लागले, तर पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. केबलच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राचा पाकट आणि मुशी यांसारख्या माशांवर परिणाम संभवतो. अभ्यास अजून अपुरे आहेत. खांबांवर शिंपले व शेवाळ वाढून मासे गोळा होतात, हा फायदाही नोंदला गेला आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किमीवर आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळ उंचवटा आहे. भर समुद्रातली उथळ जागा अभियंत्यालाही हवी असते आणि प्रवाळालाही. पट्टे आखताना असा भाग आधीच वगळणे सोपे.

कायदा आणि मच्छीमार. डॉल्फिन, देवमासे व समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. मात्र २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जेचा समावेश नव्हता. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडचा समुद्र केंद्राच्या. समुद्री पवनऊर्जेसाठी भाडेपट्ट्याचे नियम केंद्राने २०२३ मध्ये काढले. उत्तर कोकणातला डोल लावणारा कोळी स्वतःच तळात खुंट ठोकून जाळे बांधतो, त्यामुळे खांबांची त्याला नवलाई नाही. त्याचा प्रश्न आहे तो खांबांभोवती बोटींना बंदी घातलेले पाणी किती असेल, याचा.