परीलोकातलं लोखंड

परीलोकावरच्या आजच्या कादंबऱ्यांत आणि गेममध्ये एक नियम जवळपास ठरलेला असतो. जिथे जादू चालते तिथे यंत्र बंद पडतं आणि यंत्र आलं की जादू ओसरते. हा नियम इतका सर्रास वापरला जातो की तो अनादिकाळापासूनचा वाटतो. पण हा परीलोक ज्या उत्तर युरोपीय कथांतून आला, त्यांच्या सर्वांत जुन्या थरात चित्र उलटं आहे. तिथले रहिवासी स्वतःच कसबी कारागीर आहेत आणि त्यांचं कसब हीच त्यांची जादू.

जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, काव्यात व्होलुंड नावाचा लोहार आहे. काव्य त्याला एल्फांचा, म्हणजे तिथल्या परीगणांचा, स्वामी म्हणतं. निडुड राजा त्याच्या पायांच्या शिरा तोडून त्याला बेटावर डांबतो आणि त्याच्याकडून दागिने घडवून घेतो. व्होलुंड भयंकर सूड घेतो आणि शेवटी हवेत उडून निघून जातो. त्याने पंख घडवले की मंत्र म्हटला, हे काव्यात स्पष्ट होत नाही. मला तेच या काव्याचं मर्म वाटतं, कारण ते रचणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नाही. इंग्लंडमध्ये हाच लोहार वेलंड झाला. ऑक्सफर्डशरमध्ये त्याच्या नावाची 'वेलंडची भट्टी' आहे. घोड्याचा नाल निखळला तर घोडा आणि एक नाणं तिथे ठेवून जायचं, परत येईपर्यंत नाल ठोकलेला असतो, अशी तिची आख्यायिका. प्रत्यक्षात ते नवाश्मयुगातलं थडगं आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे ब्रिटनमध्ये लोखंड येण्याच्या कितीतरी आधीचं.

आयर्लंडमध्ये तर याहून ठळक उदाहरण आहे. तूआहा डे डानन या दैवी कुळाचा राजा नुआडा याचा हात लढाईत तुटतो. मग वैद्य डियान केख्त आणि धातुकाम करणारा क्रेड्ने मिळून त्याला चांदीचा हात बसवतात, बोटाबोटाची, सांध्यासांध्याची हालचाल करणारा. हा कृत्रिम अवयव म्हणायचा की चमत्कार? कथेला दोन्ही एकच. पुढे हे कूळ माणसांकडून हरलं आणि टेकड्यांच्या पोटात राहायला गेलं. आयरिश लोककथांतले परीगण ते हेच.

मग लोखंडाशी वैर कुठून आलं? ते पंडितांच्या नव्हे, खेड्यातल्या बायाबापड्यांच्या व्यवहारातून आलं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२च्या सुमारास परीलोकावर एक हस्तलिखित लिहिलं. बाळंतिणीला पऱ्यांनी पळवू नये म्हणून डोंगराळ भागातले लोक तिच्या अंथरुणात भाकरी, बायबल किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात, असं ते नोंदवतात. परीगणांची शस्त्रं लोखंडाची नसून दगडाची, बाणाच्या टोकासारखी असतात, असंही त्यांनी लिहिलं आहे. शेतात सापडणारी अश्मयुगीन बाणांची टोकं म्हणजे एल्फांचे बाण, अशी लोकांची समजूत होतीच. वेल्समधल्या कथांमध्ये माणसाशी संसार मांडलेल्या परीला चुकून लगामाचं लोखंड लागतं आणि ती त्या क्षणी नाहीशी होते.

एकोणिसाव्या शतकात या तुकड्यांना एक मोठी उपपत्ती मिळाली. डॅनिश संशोधक थॉमसेन यांनी १८३६ साली पाषाण, कांस्य आणि लोह अशी युगांची विभागणी मांडली. ती रूढ झाल्यावर, परीगण म्हणजे लोखंड हाती असलेल्या टोळ्यांनी हुसकावलेल्या दगडी हत्यारांच्या ठेंगण्या लोकांची आठवण, असा विचार पुढे आला. १८९०मध्ये डेव्हिड मॅकरिची यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. आज हा सिद्धान्त अभ्यासक स्वीकारत नाहीत, आणि तो न टिकण्याचं एक कारण आपल्या घरातच सापडतं. महाराष्ट्रातही बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवण्याची रीत आहे. स्कॉटलंडमधून हाकललेल्या ठेंगण्या लोकांनी तिचा उलगडा कसा होणार? तरीही जादू मागच्या युगाची आणि लोखंड पुढच्या युगाचं ही मांडणी मात्र टिकली. रेल्वे आणि गिरण्यांचा धूर अंगावर घेणाऱ्या पिढीला ती मनोमन पटली. माझ्या मते आजच्या नियमाचं खरं मूळ इथे आहे.

कारागिरीची आणि लोखंडाशी वैराची, या दोन्ही परंपरा एकाच लेखकाच्या हाती कशा आल्या हे पाहायचं तर रडयार्ड किपलिंग वाचावा. त्याचा जन्म १८६५चा, मुंबईचा; वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १९०६च्या पुस्तकात त्याने वेलंडची तलवार आणली. १९१०च्या पुस्तकातली त्याची परीगणांत वाढलेल्या मुलाची गोष्ट परीगणांना न सोसणाऱ्या 'थंड लोखंडा'वर बेतलेली आहे. मुलगा ज्या लोखंडाला प्रथम हात लावेल ते त्याचं नशीब ठरवणार, आणि त्याच्या हाती गुलामाच्या गळ्यातलं कडं येतं. परीलोकाचं लोखंडाशी असलेलं नातं इतक्या वेदनेने क्वचितच कुणी लिहिलं असेल.

त्याच काळात, २७ डिसेंबर १९०४ रोजी, लंडनच्या रंगमंचावर 'पीटर पॅन' नाटकातली टिंकर बेल अवतरली. ती भांडीकुंडी दुरुस्त करणारी परी, म्हणजे जुन्या कारागीर परंपरेची. प्रेक्षकांना मात्र ती केवळ आरशाने परावर्तित केलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यासारखी दिसायची.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्कीनने हा प्रश्न सर्वांत खोलवर नेला. त्याचे एल्फ पुन्हा घडवणारे आहेत. कथेतल्या सत्तेच्या अंगठ्याही, मुख्य एक सोडून, त्यांनीच घडवल्या. हॉबिट नावाचे बुटके लोक जादूविषयी बोलतात तेव्हा एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल सांगते की तुम्हाला काय म्हणायचं आहे ते मला नीटसं कळत नाही. टोल्कीनने रेषा ओढली ती जादू आणि यंत्र यांच्यामध्ये नव्हे, तर सौंदर्यासाठी घडवणं आणि दुसऱ्याची इच्छा मोडण्यासाठी घडवणं यांच्यामध्ये. या दुसऱ्या प्रकाराला तो यंत्र म्हणतो, मग त्यात चाकं असोत वा मंत्र. त्याच्यानंतरच्या बहुतेकांनी त्याचे एल्फ घेतले, ही रेषा घेतली नाही.

१९८६पासूनच्या 'बॉर्डरलँड' कथासंग्रहांत माणसांच्या आणि एल्फांच्या मुलखाच्या सीमेवरचं शहर आहे. तिथे जादू आणि यंत्र दोन्ही बेभरवशाची. २००१च्या 'आर्केनम' या संगणकीय गेममध्ये पात्राचा कल एका मापावर मोजला जातो, एका टोकाला जादू आणि दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञान. त्याच वर्षी आयर्लंडच्या ओइन कोल्फरची 'आर्टेमिस फाउल' आली. तिच्यात जमिनीखाली राहणाऱ्या परीगणांचं तंत्रज्ञान माणसांच्या पुढे गेलेलं आहे, त्यांच्याकडे पोलीस दल आहे, उपकरणं बनवणारा सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, आहे; आणि ओसरलेली जादू पुन्हा मिळवायला मात्र पौर्णिमेच्या रात्री नदीच्या वळणावरच्या जुन्या ओकचं फळ जमिनीत पुरावंच लागतं.