'असलं केरळातलं घर बांधून द्याल का?'

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. गिलावा न केलेली विटांची भिंत, तिच्यात जाळी आणि जाळीतून जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे. ही पद्धत रूढ केली लॉरी बेकर यांनी. फोटो दाखवण्याआधी या माणसाबद्दल थोडं वाचा, म्हणजे आमच्याशी बोलणं सोपं जाईल.

बेकर 1917 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला जन्मले आणि तिथेच वास्तुकला शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते चीनमध्ये रुग्णसेवेत होते. परतताना जहाजाची वाट बघत मुंबईत अडकले आणि तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. 1945 मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी काम करायला भारतात आले, डॉ. एलिझाबेथ यांच्याशी लग्न केलं आणि हिमालयातल्या पिथोरागडच्या डोंगरात सोळा वर्षं राहिले. दगडमातीची घरं बांधणाऱ्या तिथल्या लोकांकडून ते पुन्हा नव्याने शिकले. साठच्या दशकात केरळात गेले, आणि पुढे तिरुवनंतपुरम हीच त्यांची कर्मभूमी झाली. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 मध्ये ते गेले.

तिरुवनंतपुरममध्ये त्यांनी शेकडो घरं बांधली, पण एकाचा नकाशा दुसऱ्याला दिला नाही. आधी जागा बघायची, घरच्यांचं राहणीमान समजून घ्यायचं. झाड आडवं आलं तर भिंत वळवायची. कागदावरचं सगळं पक्कं न धरता बरंचसं साइटवर, गवंड्याशेजारी उभं राहून ठरवायचं. काही खिडक्यांना तर चौकटसुद्धा नसे. जुन्या वाड्याच्या दारासारखी, वरच्या आणि खालच्या खोबणीत बसवलेली, दारासारखी फिरणारी एकच फळी.

त्यांची 'रॅट ट्रॅप' भिंत आम्ही बांधतो. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची. बाहेरची आणि आतली वीट यांच्यामध्ये सुमारे तीन इंच पोकळी राहते, आणि अधूनमधून एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या. भिंत नऊ इंचीच राहते, पण विटा जवळपास पाव हिश्श्याने कमी लागतात. पोकळीतल्या हवेमुळे ऊनही आत कमी झिरपतं. स्लॅबचंही तसंच. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया घेतात, काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. म्हणून तिथे जुनी मंगळुरी कौलं बसवायची.

एवढं वाचून 'म्हणजे स्वस्तात होईल' असा हिशेब कृपया मांडू नका. गिलावा नसला की विटेची प्रत्येक कड दिसते. त्यामुळे भट्टीवरून वाकडी, अर्धी भाजलेली वीट चालत नाही, निवडून घ्यावी लागते. गवंडी हात बसलेला हवा, तो घाईत असेल तर पोकळी मसाल्याने भरून जाते आणि सगळाच फायदा गेला. वायरिंगचे पाइप भिंत चढतानाच घालावे लागतात. आमच्याच ऑफिसात हे विसरलो होतो. इलेक्ट्रिशियनने झिरी मारली, तर छिन्नी थेट पोकळीत आणि पाठोपाठ अख्खी वीट आत. तो तुकडा आजही तसाच ठेवलाय, आलात की दाखवू.

शिवाय केरळची जशीच्या तशी नक्कल आम्ही करत नाही. जाळी तिथल्या दमट हवेला छान, पण आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळीबरोबर धूळ आत येते. म्हणून जाळी कोणत्या भिंतीत घ्यायची आणि कोणत्या नाही, हे जागेवर वारा बघूनच सांगू.

पहिल्या भेटीला मोजणीचा नकाशा आणा, आणि विहीर वा बोअर कुठे आहे ते माहीत असू द्या. घरात कोण कोण राहणार, आजी-आजोबांना पायऱ्या चढवतात का, संध्याकाळचा चहा कुठे बसून घ्यायला आवडेल, हे बोलायला शक्यतो घरातली सगळी माणसं या. फोटोही आणा, हरकत नाही, पण तो आम्ही शेवटी बघू.