दृष्टिदिव्यांगांसाठी यूडीआयडी : नागपुरात अर्ज कसा करायचा, टक्केवारी कशी ठरते, पुढे काय मिळतं

संजय गांधी निराधारचं अनुदान, एसटीतली सवलत, परीक्षेतला लेखनिक, मोफत पांढरी काठी. अंध किंवा अंधुक दिसणाऱ्या माणसाला यातलं काहीही हवं असलं तरी आधी लागतं ते टक्केवारी लिहिलेलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांना केंद्राकडून मिळणारा ओळख क्रमांक. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं. हाताने लिहून शिक्का मारलेला नवा कागद कोणी दिला, तर तो पुढे कुठेच चालत नाही. म्हणून आधी प्रमाणपत्र काढा, बाकीचे अर्ज त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलात तर तहसीलच्या चकरा तेवढ्या वाढतात.

कोण पात्र

लाभांसाठीची रेषा ४० टक्क्यांची आहे. त्याखालीही प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर जवळपास काहीच मिळत नाही. टक्केवारी दोन्ही डोळ्यांची नजर जोडीने पाहून ठरते, आणि त्यात वजन असतं ते चांगल्या डोळ्याला. तीही नंबरचा योग्य चष्मा लावल्यानंतरची नजर. बिनचष्म्याने काहीच दिसत नाही, या सांगण्याला इथे किंमत नाही.

नजर ६/६० अशी लिहितात. निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते पाहायला या डोळ्याच्या माणसाला ६ मीटरवर यावं लागतं, असा त्याचा अर्थ. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा असेल तर दुसरा डोळा पूर्ण गेला तरी ३० टक्केच मिळतात. नेत्रविभागातून नाराज होऊन परतणाऱ्यांत असे एका डोळ्याचे लोक बरेच असतात. डॉक्टरांशी वाद घालून उपयोग नाही, नियमच तसा आहे. चांगला डोळा ६/२४ ते ६/६० मध्ये असेल तर दुसऱ्या डोळ्याच्या स्थितीप्रमाणे ४०, ५० किंवा ६० टक्के. चांगला डोळा ६/६० च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल तर ७० किंवा ८०. त्याहून खाली १/६० पर्यंत ९०. फक्त डोळ्यासमोर हलवलेला हात कळत असेल, नुसता उजेड कळत असेल किंवा काहीच दिसत नसेल, तर १००.

अनेकांचं नुकसान होतं ते पुढच्या गोष्टीत. टक्केवारी केवळ तक्त्यावरची अक्षरं वाचून ठरत नाही, दृष्टिक्षेत्रही धरलं जातं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजार) किंवा पुढच्या टप्प्यातला काचबिंदू असलेला माणूस समोरचं ६/९ पर्यंत वाचू शकतो, पण त्याला बाजूचं काहीच दिसत नाही. नळीतून पाहावं तसं. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला ९० टक्के मिळू शकतात, आणि नुसता तक्ता वाचून घेतला तर शून्य. रात्री चालताना धडपडणं, बाजूने येणारी गाडी न दिसणं, ताटातली वाटी न सापडणं अशा तक्रारी असतील तर फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री, झाल्याशिवाय प्रमाणपत्र पुढे सरकू देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मोतीबिंदूसारखा शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार असेल तर आधी उपचार, मग मोजणी. आजार बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं. लहान मुलांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण मुदत संपली की त्यावर मिळणारे लाभही अडकतात.

जुनं प्रमाणपत्र असेल तर

पोर्टलवर नवा अर्ज न भरता ‘प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय निवडायचा आणि जुन्या कागदाची दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत जोडायची. रुग्णालय नोंद तपासतं, गरज वाटली तर पुन्हा बोलावतं. पुन्हा तपासणी झाली तर आकडा बदलू शकतो. २००१ च्या जुन्या निकषांत २०, ३०, ४०, ७५ आणि १०० अशाच पायऱ्या होत्या, आजच्या पायऱ्या २०१८ च्या राजपत्रातून आल्या. त्यामुळे जुन्या ७५ चे आज ६० किंवा ८० झाले तर ती कारकुनाची चूक समजू नये.

अर्ज

नागपूर शहरात बहुतेक लोक मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) निवडतात, मिहानचं एम्सही आहे. काटोल, उमरेड, रामटेककडच्यांनी आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ आणि दिव्यांगत्व तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड आहे का ते विचारावं. नसेल तर थेट नागपूरचं रुग्णालय निवडावं, मध्ये महिना घालवू नये. नियम असा की राहत्या जिल्ह्यातल्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू आहेत अथवा झाले आहेत तिथे. गोंदिया-गडचिरोलीकडून मेडिकलला डोळ्यांच्या उपचारासाठी येणाऱ्यांना हा दुसरा भाग कामाचा आहे. अशा वेळी उपचाराची फाइल जवळ हवीच.

अर्ज स्वतः मोबाइलवर भरता येतो, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात. लागणारे कागद थोडे आहेत : आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठ्याचं चित्र. पण चुका याच थोड्यात होतात.

नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आधारवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि अर्जात नसेल, तर आज नाही पण निराधारचे पैसे खात्यात यायच्या वेळी अडेल. आधारमध्येच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करा. डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन होत नाही म्हणून कोणी अंध व्यक्तीची आधार नोंदणी नाकारत असेल तर ते चुकीचं आहे. जे बायोमेट्रिक देता येत नाही ते अपवाद म्हणून नोंदवायची सोय आधारमध्येच आहे.

मोबाइल क्रमांक घरातल्या कायम राहणाऱ्या फोनचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा मुळीच नाही. पुढचे सगळे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. फोटो काळा चष्मा काढून. दिव्यांगत्वाच्या प्रकारात ‘अंधत्व’ आणि ‘अल्पदृष्टी’ असे दोन वेगळे पर्याय दिसतात. कायद्याप्रमाणे ३/६० च्या खाली नजर किंवा १० अंशांच्या आत क्षेत्र म्हणजे अंधत्व, त्यावरचं अल्पदृष्टी. नक्की माहीत नसेल तर शेवटच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी नजर किती लिहिली आहे ते पाहून निवडा. ऐकू कमी येण्यासारखा दुसरा त्रासही असेल तर तोही याच अर्जात टाका. एकत्रित टक्केवारी वेगळ्या सूत्राने निघते आणि ती जास्त येऊ शकते.

अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची पावती छापून घ्या.

तपासणीचा दिवस

बोर्ड कोणत्या वारी बसतो ते रुग्णालयात विचारूनच निघा. सोबत मूळ आधार, अर्जाची पावती, सध्या वापरातला चष्मा, जुन्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, असतील तर ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड टेस्टचे रिपोर्ट. खासगी रिपोर्टवर टक्केवारी ठरत नाही, पण आजार किती जुना आहे हे त्यातून दिसतं आणि काही तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

क्रम लक्षात ठेवा : आधी तक्ता आणि चष्म्याचा नंबर, मग फील्ड टेस्ट, आणि शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब. थेंब आधी पडले तर फील्ड टेस्ट नीट येत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही, तेव्हा सोबत कोणीतरी असू द्या. फील्ड टेस्टला थकलेला, उपाशी माणूस बसवू नका. मधल्या ठिपक्यावरून नजर हलत राहिली तर यंत्रच रिपोर्टला अविश्वसनीय ठरवतं. सांगणं आणि तपासणी जुळत नाही असं वाटलं तर डॉक्टर व्हीईपी नावाची तपासणी सांगतात. मेंदूपर्यंत संदेश पोचतो की नाही ते त्यात दिसतं. तुमच्यावर अविश्वास दाखवला असं समजून रागावू नका.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांपर्यंतची मुदत आहे. अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत तर दोन वर्षांनी तो निष्क्रिय होतो आणि नव्याने भरावा लागतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळायला हवं. टक्केवारी मान्य नसेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती तपासणी झाली नाही किंवा कोणता रिपोर्ट पाहिला नाही ते नेमकं लिहा.

मंजुरी झाली की ई-प्रमाणपत्र आणि ई-कार्ड पोर्टलवरून लगेच उतरवून घ्या. प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं, त्याला वेळ लागतो, त्यासाठी पुढचे अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही. नव्या नियमांत कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो : ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

आता लाभांकडे

प्रत्येक योजनेची रेषा वेगळी आहे, गोंधळ तिथेच होतो.

संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्के दिव्यांगत्व, वय १८ ते ६५ आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २,५०० रुपये ठरले आहेत. शहरातल्यांचा अर्ज नागपूर शहर तहसीलकडे, बाकीच्यांचा आपापल्या तालुक्याला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा हवा. खरा अडथळा असतो बँकेचा : खातं आधारशी जोडलेलं असलं तरी थेट लाभासाठी मॅप झालेलं नसतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पासबुक घेऊन शाखेत जाऊन हेच नेमकं विचारा. एकदा पैसे सुरू झाले की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर बंद. ८० टक्क्यांवर असाल आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. दोन्ही योजनांचे पूर्ण पैसे वेगवेगळे मिळतील अशी आशा मात्र ठेवू नका.

पांढरी काठी, ब्रेल संच, स्क्रीन रीडर असलेला मोबाइल यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, त्यावर ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. तेच साधन मागच्या तीन वर्षांत घेतलेलं नसावं, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एका वर्षाची. वाटप बहुधा शिबिरांतून होतं आणि शिबिराला नोंदणी, मोजमाप, वाटप असे टप्पे असतात. वाटपाच्या दिवशीच पहिल्यांदा गेलात तर रिकाम्या हाताने याल. नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. तिथे विचारपूस करून ठेवा. काठी मिळाली तरी ती वापरायला शिकावं लागतं, याकडे घरच्यांचं सहसा लक्ष जात नाही. चालण्याचं प्रशिक्षण, ब्रेल, शाळा यांसाठी शहरात द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन ही जुनी संस्था आहे.

दहावी-बारावीला लेखनिक हवा असेल तर अर्ज शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा परीक्षेचा फॉर्म भरतानाच यूडीआयडीची प्रत शाळेत द्या, आणि लेखनिक आजारी पडला तर म्हणून दुसऱ्या मुलाचं नावही ठरवून ठेवा.

प्रवासात एसटीला ४० टक्क्यांचं कार्ड चालतं, भाड्यात ७५ टक्के सूट. रेल्वेचं तसं नाही. रेल्वे सवलत देते ती पूर्ण अंधत्व असलेल्यांनाच, त्यामुळे ७० टक्केवाल्याला एसटीत सूट आणि रेल्वेत नाही असं होतं. रेल्वेत सेकंड क्लास, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, सोबतच्या एका व्यक्तीलाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यावं लागतं. यूडीआयडीच्या तपासणीलाच तो कोरा नमुना सोबत न्या, एक फेरी वाचेल. रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर ओळखपत्रासाठी अर्ज करताना स्थानक जपून निवडा. नागपुरात दोन विभाग आहेत : नागपूर आणि अजनी मध्य रेल्वेकडे, इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. अर्ज एका विभागाकडे आणि तुम्ही चौकशी करताय दुसऱ्याच्या कार्यालयात, असं सहज घडतं.

बँकेत चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकर अंध आहात म्हणून नाकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच तसं सर्व बँकांना कळवलं आहे. शाखेत ऐकत नसतील तर नकार लेखी मागा.